पाठमोरा पाहुणा

माझ्या सासूबाईंचा एरेबा खारट लागतो, ही पहिली तक्रार आली ती चर्चच्या पायरीवर, रविवारी, साऱ्या गावाच्या देखत.

"तिबू, हल्ली मीठ घालायला लागलीस का गं?" शेजारीण म्हणाली.

कसाव्याच्या कंदाच्या या भाकरीत आमच्या किनाऱ्यावर मीठ कुणीच घालत नाही. सासूबाईंना ती थट्टाच वाटली. "मीठ भाकरीत नाही, तुझ्या जिभेवर आहे. सकाळपासून कितीजणांची निंदा केलीस ते मोज आधी." बायका खिदळल्या आणि विषय संपला.

घरी आल्यावर मात्र त्यांनी डोक्याचा रुमालही सोडला नाही. सरळ स्वयंपाकघरात गेल्या, फडक्यात बांधलेल्या थप्पीतली वरची भाकरी काढली, कोपरा मोडून तोंडात टाकला. चावता चावता थांबल्या. मग एक तुकडा माझ्यापुढे धरला.

ती मिठाची चव नव्हती. पोहताना लाट तोंडात शिरते तेव्हा घशाशी कडवट खारट लागतं, तशी.

"तवा नीट घासला नव्हता बहुतेक," मी म्हणाले.

"हं," त्या म्हणाल्या. तवा मीच घासते, हे दोघींनाही ठाऊक होतं.

सासूबाईंचं नाव तिबुर्सिया. जन्म याच गावचा, मागे खाडी, पुढे समुद्र. चालायला लागल्या तेव्हापासून कसाव्याच्या कामात. किसलेल्या कंदातलं विषारी पाणी पिळणीतून निघावं म्हणून तिच्या दांड्यावर वजन लागतं, त्यासाठी पोरांना बसवायचे. त्या म्हणायच्या, "मी शाळेत कमी आणि दांड्यावर जास्त बसले." पुढे किसायला लागल्या. दगडाच्या कपच्या ठोकलेल्या लाकडी पाटावर कंद किसून किसून त्यांच्या उजव्या तळव्यावर रेषाच उरली नव्हती. एकदा तेला गावच्या बाजारात हात बघणारा भेटला, तर त्याला म्हणाल्या, "तुला वाचता येईल असं काही मी ठेवलेलंच नाही." त्यांचा एरेबा पातळ, कडक, वर्षभर टिकणारा. न्यूयॉर्कला जाणारं गावचं प्रत्येक पोर पिशवीत तो घेऊन जायचं. माझा नवरा दानिलोही तसाच गेला. तिथं तो इमारती झाडतो, आणि इथं मी आणि त्याची आई. त्या वर्षी मला सहावा महिना लागला होता. आधीचं एक टिकलं नव्हतं, म्हणून घरात सगळेच हळू चालत होते.

सासरे, कातारिनो, तीन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं गेले. त्यांचं सगळं रीतसर झालेलं. नवव्या रात्रीचं जागरण झालं, नाच झाला, वर्षाची प्रार्थना झाली, पितराची आंघोळही झाली. मागे काही राहिलं नव्हतं.

तक्रार आली त्याच आठवड्यात दुपारी सासूबाईंचा डोळा लागला आणि त्यांना दारात एक माणूस दिसला. कंद सोलता सोलता त्यांनी मला सांगितलं, जणू टपालवाला येऊन गेला होता.

"आपल्याकडे पाठ करून उभा. अंगावरून पाणी निथळतंय. म्हणाला, आंघोळ घाल."

"कोण होतं?"

"कोण म्हणजे? तुझा सासरा. माझ्या दारात असा उघडा उभा राहायची दुसऱ्या कुणाची छाती आहे?"

मग पुन्हा आंघोळ घालायचं ठरलं. सासऱ्यांचे जन्माचे सोबती साबासकाका आले आणि स्वयंपाकघराच्या बाजूला वाळूत त्यांनी खड्डा खणला. दोघं एकाच होडीत म्हातारे झालेले. पहाटे आम्ही त्यात समुद्राचं पाणी ओतलं, विहिरीचं ओतलं, कसाव्याचं पांढरं पाणी ओतलं. दोरीवर सासऱ्यांचा धुतलेला सदरा टांगला. सासूबाई ओतता ओतता बोलत होत्या, "जिवंत होतास तेव्हा साबण दिसला की खाडीपलीकडे पळायचास. आणि आता बघा, महाराजांना दोन दोन आंघोळी." साबासकाका हसले. पाणी वाळूत जिरलं.

पुढच्या खेपेचा एरेबा आणखी खारट निघाला.

त्याच सुमारास उंबऱ्याशी पाणी दिसायला लागलं. सकाळी उठावं तर दाराच्या आत, सिमेंटवर, ताटाएवढं ओलं. मी पुसून काढायची. छप्पर गळतंय असं म्हणायची. पाऊस महिनाभर नव्हता. ते पाणी बोटानं जिभेला लावून बघावं असं एकदा मनात आलं. लावलं नाही. मी मूर्ख नाही.

गिऱ्हाईक काही एका दिवसात तुटत नाही. कुणी म्हणालं, या आठवड्यात नको, घरी शिल्लक आहे. कुणी म्हणालं, डॉक्टरनं मीठ बंद केलंय, आणि जीभ चावली. सासूबाई सगळं हसून घेत होत्या. पण गावातल्या एका मोठ्या घरानं त्या वर्षी डुगू मांडला होता. म्हणजे सगळे नातलग देशोदेशींहून यायचे, दिवसरात्र ढोल वाजायचे, पितरांना जेवू घालायचं. गेल्या तीस वर्षांत या गावच्या पितरांनी सासूबाईंच्याच हातचा एरेबा खाल्ला होता. त्या घरची थोरली सून आली, खुर्चीच्या टोकावर बसली, कॉफी अर्धी ठेवली.

"मावशी, यंदा तुम्हाला त्रास नको म्हटलं. पलीकडच्या वस्तीतून मागवतोय."

"त्रास कसला?"

"तसं नाही. पण... पितरांच्या पानात वाढायचं म्हणजे..."

"सांग की सरळ. खारट आहे."

सून गेली. सासूबाई किसण्याच्या पाटापुढे बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं, तेव्हाही पाहिलं नाही. एवढंच म्हणाल्या, "हात गेले तर मी कोण गं पोरी? नुसती एक जाडी म्हातारी."

दुसऱ्या दिवशी आम्ही पेत्रोना मावशींकडे गेलो. त्या आमच्या बुयेई. पितरांचं म्हणणं त्यांना ऐकू येतं. बाई एरवी कोंबड्या पाळतात आणि सगळ्यांवर खेकसतात. त्यांनी चिरूट पेटवला, धूर सोडला, डोळे मिटले. मग एकदम हसायलाच लागल्या.

"तुझा नवरा म्हणतोय, बायकोला सांगा आता पुरे. सालं निघायची वेळ आली."

"मग दारात येतो तो कोण?"

हसू थांबलं. "तो तुझा नाही. त्याला कुणीच नाही. पण त्याचं काहीतरी तुझ्या घरात आहे. चुलीपाशी नवीन काय आणलंस?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या.

"फळी," मी म्हणाले.

तव्यावर पसरलेलं कसाव्याचं पीठ सारखं करायला हातभर लांबीची लाकडी फळी लागते. सासूबाईंची आईच्या वेळची फळी दोन महिन्यांपूर्वी मधोमध चिरली होती. साबासकाकांनी नवी करून दिली होती. होडीच्या छपरीत आढ्याला एक जुनं वल्हं खोचलेलं होतं, त्याच्या पात्यातून कापून. लाकूड इतकं गुळगुळीत की सासूबाई म्हणाल्या होत्या, हे कुणीतरी आयुष्यभर हातात धरलेलं दिसतं.

साबासकाका किनाऱ्यावर जाळं सांधत बसले होते. आम्ही दोघी येताना दिसलो तशी त्यांनी सुई खाली ठेवली.

"साबास, ते वल्हं कुणाचं?"

"आपलंच की वहिनी. कातारिनोचं."

"कातारिनोची वल्ही मी रंगवायचे. सगळी निळी. हे निळं नव्हतं."

काकांनी समुद्राकडे पाहिलं. समुद्र त्या दिवशी अगदी गरीब होता, कुत्र्यासारखा पायाशी लोळत होता.

"ते मोठं वादळ झालं ना," ते म्हणाले, "पूल वाहून गेला ते. त्यानंतर आम्ही बाहेर गेलो. पाण्यात झाडं, गुरं, दारं, काय काय तरंगत होतं. त्यात हा एक. वल्ह्याला धरून. कुठल्या तरी दुसऱ्या किनाऱ्याचा असेल, मला माहीत नाही."

"मेलेला?"

"कधीचाच."

"मग?"

"कातारिनो म्हणाला, घेऊन गेलो तर पोलीस विचारणार, पाद्री विचारणार. नाव नाही, गाव नाही. नऊ रात्री कुणी जागायच्या? आणि आमचं एक वल्हं वादळात गेलं होतं. परत यायला तर हवं." त्यांनी जाळं मांडीवरून बाजूला केलं. "बोटं सुटत नव्हती वहिनी. एक एक करून सोडवावी लागली. मी होडी धरली होती. सोडवली त्यानं."

सासूबाईंनी डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला.

"घरी आल्यावर त्यानं ते वल्हं छपरात खोचलं. पुन्हा कधी वापरलं नाही. आणि मी गाढव. तू फळी मागितलीस, मला वाटलं चांगलं लाकूड आहे, पडून आहे. इतकी वर्षं झाली."

"तोंड कसं होतं त्याचं?"

"पाहिलं नाही. पालथा होता. आम्ही उलटा केला नाही."

सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मलाही तेव्हाच कळलं. म्हणून तो पाठमोरा. त्याचं तोंड कुणी पाहिलंच नव्हतं, तर तो दाखवणार कुठून?

पेत्रोना मावशींनी मार्ग सांगितला, आणि मला तो मुळीच आवडला नाही. त्याला आंघोळ हवी. पण परक्याला आंघोळ घालता येत नाही. आपलंच माणूस आपल्या माणसाला घालतं. आधी नातं सांगायचं, त्या नात्यानं हाक मारायची, मग पाणी ओतायचं. आणि एकदा हाक मारली की झालं. तो घरचा पितर. पुढे त्याला भूक लागली, राग आला, तर मागायला तो याच घरात येणार. सासूबाईंकडे, मग माझ्याकडे, मग माझ्या पोटात होतं त्याच्याकडे.

"नाही," मी म्हणाले. "लाकूड जाळून टाका."

"जाळलं तर त्याचं होतं नव्हतं तेही गेलं. मग तो दारात नाही, घरात येईल."

"तर समुद्रात सोडा."

"तिथूनच तर आणलंय."

घरी येऊन आम्ही भांडलो. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांच्यापुढे आवाज चढवला. "आई, आपले स्वतःचे पितर काय कमी आहेत? दर वर्षी कुणाला ना कुणाला काहीतरी हवंच असतं. एकाला रम, एकीला कोंबडा. वर हा कोण कुठला? उद्या माझ्या लेकराला ताप आला की मी कुणाच्या नावानं पाणी सोडू? नाव तरी आहे का त्याला?"

"ओरडू नकोस, पोट दुखेल."

"दुखू दे!"

दानिलोचा फोन आला तेव्हा मी सगळं त्याच्या कानावर घातलं. मला वाटलं, हा तरी माझ्या बाजूनं बोलेल. तो म्हणाला, "आईला दे." सासूबाईंनी फोन कानापासून वीतभर लांब धरला, त्या नेहमी तसाच धरतात.

"आई, नोल्विया घाबरलीय. जरा सबुरीनं घे ना. तो आपला कुणी लागत नाही."

"आणि आपण कुणाचे लागत होतो रे?" सासूबाई म्हणाल्या. "तिकडे युरुमेन बेटावर आपले पहिले लोक कसे आले? गुलामांच्या फुटलेल्या जहाजातून पोहत. पायात बेड्या, अंगावर चिंधी नाही. बेटावरच्या माणसांनी त्यांना विचारलं होतं का, तुम्ही आमचे कोण? ये म्हणाले, बस म्हणाले, भाकरी खा म्हणाले. ही भाकरी. ही त्यांनी शिकवली आपल्याला. त्यांनी वल्हं काढून घेऊन परत ढकललं असतं, तर तू आज न्यूयॉर्कला जिने झाडत नसतास."

"कनेक्शन खराब आहे," दानिलो म्हणाला.

"कनेक्शन चांगलं आहे," म्हणून त्यांनी फोन मला परत दिला.

मला पटलं असं नाही. युरुमेनच्या गोष्टी आम्ही पाळण्यात ऐकलेल्या. पण पोट माझं होतं. सासूबाईंनी आग्रह केला नाही. म्हणाल्या, "तू नको ओतूस. माझं मी बघते. माझा भाऊ म्हणून हाक मारीन. मला भाऊ नव्हताच."

आंघोळीच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी उठले. उजाडायला लागलं होतं. दाराशी ओलं होतंच, पण त्या दिवशी ते नुसतं थारोळं नव्हतं. दोन पावलं होती, स्पष्ट, मोठी, शेजारी शेजारी. मी फडकं घेऊन वाकले आणि तशीच राहिले. टाचा माझ्याकडे होत्या. बोटं बाहेर. आत शिरू बघणाऱ्याची बोटं आत असतात. हा इतके दिवस आत यायला उभाच नव्हता. हा निघालेला होता, आणि मागून कुणीतरी हाक मारेल म्हणून थांबला होता.

मी पुसलं नाही. बाजूनं पाऊल टाकून बाहेर गेले.

खड्डा तयार होता. साबासकाका फावड्यावर रेलून उभे होते. पेत्रोना मावशी होत्या. दोरीवर नवा पांढरा सदरा होता, कुणीच न घातलेला. खड्ड्याच्या कडेला ती फळी. सासूबाईंनी रमचा घोट जमिनीवर शिंपडला, बादली उचलली आणि ज्या आवाजात मला जेवायला हाक मारतात त्याच आवाजात म्हणाल्या, "भावा. मी तिबुर्सिया, तुझी बहीण. उशीर झाला. आंघोळ करून घे."

त्यांनी समुद्राचं पाणी ओतलं. मग विहिरीचं. साबासकाका पुढे झाले, "गड्या," म्हणाले, आणि त्यांनीही बादली ओतली. शेवटी कसाव्याचं पांढरं पाणी.

पाणी जिरलं नाही.

आमची वाळू म्हणजे चाळण. हंडा उपडा केला तरी दिसेनासा होतो. आणि इथं खड्डा काठोकाठ, पांढरा, ताटलीसारखा स्थिर. एक बुडबुडाही नाही. कोंबडे आरवायचे थांबले होते की मला ऐकू येत नव्हते, कोण जाणे.

पेत्रोना मावशी हळूच म्हणाल्या, "घरातलं कुणीतरी मागे राहिलंय."

माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. सासूबाईंनी तर मुद्दाम पाठ फिरवली, मला मोकळं वाटावं म्हणून. ती त्यांची रुंद पाठ बघून मला दारातली पावलं आठवली. आयुष्यभर या घरात मी एका पाठमोऱ्याला वळसे घालत राहणार होते, नाहीतर...

मी करवंटीत विहिरीचं पाणी घेतलं. वाकवत नव्हतं, तरी वाकले. नवऱ्याच्या आईचा भाऊ. नातं साधं होतं, शोधावं लागलं नाही.

"मामा," मी म्हणाले. "मी घरची सून. तोंड धुवून घ्या."

खड्ड्यानं घोट घेतल्यासारखा आवाज केला आणि पाणी गेलं. तळाशी नुसती ओली वाळू, तिच्यावर कसाव्याचा पांढरा थर. साबासकाका खड्ड्याच्या काठाशी वाकून बघत राहिले. पेत्रोना मावशी खेकसल्या, "बघत काय बसलात, कॉफी ठेवा कुणीतरी."

त्या दुपारी सासूबाई झोपल्या आणि बऱ्याच वेळानं उठल्या. मी विचारलं नाही, तरी सांगितलं.

"वळला."

"तोंड दिसलं?"

"दिसलं."

"कसं होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं, मग कंद सोलायला घेतला. "माणसासारखं," म्हणाल्या. पुढे कितीही विचारलं तरी तेवढंच.

एरेबा गोडा निघाला. फळी त्यांनी टाकली नाही. तिच्यानंच पीठ सारखं करतात. डुगूची मागणी त्या वर्षी पलीकडच्या वस्तीला गेली ती गेलीच, पण पुढच्या खेपेला तीच थोरली सून परत आली आणि या वेळी तिनं कॉफी संपवली. एक मात्र आहे. दर खेपेची शेवटची भाकरी अजूनही खारट निघते. ती आम्ही विकत नाही. मी उंबऱ्याबाहेर पानावर ठेवते. सकाळी नसते. खेकडे नेतात, असं मी म्हणते.

मला मुलगी झाली. तिला पहिली आंघोळ सासूबाईंनीच घातली. इतर पोरांना घालताना मी त्यांना पाहिलं होतं, त्या डोक्यापासून सुरू करतात. या वेळी आधी तोंड धुतलं. कपाळ, पापण्या, ओठ, सावकाश, एकेक बोटानं. मग तिला फडक्यात गुंडाळलं, उताणी हातांवर घेतली आणि उघड्या दाराकडे नेऊन धरली.

"बघ," त्या म्हणाल्या.

मी बिछान्यातून पाहत होते. दारात ऊन होतं, पलीकडे समुद्र. ते पोरीला म्हणाल्या की आणखी कुणाला, मी विचारलं नाही.